घरात एक परमनंट हवा

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की बर्डीतून स्टेशनकडे निघालेला माणूस आधी विचारतो, "टेकडी रोड चालू आहे का?" बहुधा नसतो. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. मंत्री किंवा त्यांचा माणूस येऊन निवेदन घेईपर्यंत लोक तिथेच डांबरावर बसतात. सोबत चटया, पाण्याचे कॅन, बिस्किटांचे पुडे आणि पोटाशी धरलेली एक प्लास्टिकची फाइल. ती फाइल उघडून दाखवा म्हटलं की कोणीही आनंदाने दाखवतं. आत नेमणुकीचे आदेश असतात, अकरा-अकरा महिन्यांचे, तारखेच्या क्रमाने टाचलेले. काहींना त्या गठ्ठ्यासाठी आता मोठी स्टेपलची पिन लागते.

डिसेंबर २०२२ च्या अधिवेशनात याच रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं येऊन बसली होती. एक, कंत्राटी, त्यांची मागणी एका ओळीची: आम्हाला कायम करा. दुसरी, कायम झालेली. त्यांच्या टोप्यांवर लिहिलं होतं, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. ती परत द्यायची तर तिजोरीवर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, असं देवेंद्र फडणवीसांनी त्याच अधिवेशनात सांगितलं. तीन महिन्यांनी, १४ मार्च २०२३ पासून, सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले आणि २०२४ मध्ये निम्म्या पगाराइतक्या निवृत्तिवेतनाची सुधारित योजना पदरात पडली. पहिल्या मोर्चाला ज्या घरात शिरायचं होतं, त्या घरातली माणसं छप्पर गळतंय म्हणून बाहेर येऊन बसली होती.

कायम नोकरी घ्यावी की कंत्राटी काम, असा प्रश्न आपण फार सहज विचारतो. निवडायला हातात दोन पत्रं असावी लागतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला अर्जाची फी हजार रुपये होती, तीही लोकांनी भरली. एवढ्या गर्दीत 'मी कंत्राट निवडलं' असं म्हणणारा बहुधा यादीत नाव न लागलेला असतो. दोन्ही पत्रं हातात असलेली माणसं कमी. पण नागपुरात ती भेटतात, आणि त्यांच्याकडे पाहिलं की वेगळीच गोष्ट कळते. ती सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

'परमनंट' या गोष्टीची चव मध्य भारताला लावली ती याच शहरातल्या एका गिरणीने. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करत होते, म्हणून हे नाव. पहिली काही वर्षं मॅनेजर बेझनजी मेहतांची डोकेदुखी होती ती गैरहजेरी. लोक मन लागलं तर येत, शेतात काम निघालं की गावी जात. कामगाराला बांधून ठेवायला गिरणीने जे केलं ते त्या काळी देशात नवलाचं होतं: १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. कायमपणाची सोय तेव्हा मालकाने गरज म्हणून केली, हे विसरायला नको. माणूस टिकत नव्हता, त्याची किंमत मालकाला मोजावी लागत होती. पुढे शंभर वर्षं जुन्या नागपुरात 'एम्प्रेसमध्ये आहे' एवढं सांगितलं की मुलगी मिळे आणि किराणाही उधार मिळे. १९८६ मध्ये टाटांनी हात काढून घेतला, गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. आता शुक्रवारी तलावाशेजारच्या त्या जागेवर मॉल आहे. मॉलच्या दारावर गणवेश घालून उभा असतो तो पहारेकरी बहुधा एखाद्या एजन्सीचा असतो. अशा पहारेकऱ्यांशी बोललात तर त्यातला एखादा सांगेल, "माझे आजोबा इथंच होते ना भाऊ, रिंग खात्यात."

ऐवजदार

नागपूर महापालिकेत सफाई कामगारांचा एक वर्ग आहे जो मुंबई-पुण्याच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल: ऐवजदार. कायम सफाई कामगार गैरहजर असेल तर त्याच्या ऐवजी झाडू हातात घेणारा. गिरणीतला बदली कामगार तोच हा. सकाळी हजेरीच्या जागी जाऊन उभं राहायचं, जमादाराने नाव घेतलं तर काम, नाही तर घरी परत. कागदावर हे एका दिवसाचं काम. प्रत्यक्षात तोच माणूस त्याच वस्तीत वीस-पंचवीस वर्षं रोज झाडत असतो, आणि ज्याच्या ऐवजी तो आहे तो केव्हाच निवृत्त झालेला असतो.

२०१९ मध्ये राज्य सरकारने वीस वर्षं सेवा झालेल्या ऐवजदारांना कायम करायला मान्यता दिली. चार हजारांवर माणसांचा हा प्रश्न होता. आदेश पुढे टप्प्याटप्प्याने निघाले. पदं होती 'अधिसंख्य', म्हणजे माणूस निवृत्त झाला की पदही त्याच्यासोबत संपणार. तरी घरोघर पेढे वाटले गेले.

आशीनगर झोनमधल्या एका बाईंनी मला तो आदेश दाखवला. पन्नाशी ओलांडलेल्या. आदेश त्यांनी लॅमिनेट करून घेतला आहे आणि देवघराच्या फळीवर बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला आहे. मी विचारलं, मावशी, काय फरक पडला? पगाराचा आकडा सांगतील असं वाटलं होतं.

"सुट्टी," त्या म्हणाल्या. "आता ताप आला तर घरी राहतो. पहिले ताप आला तरी जाच लागे. नाही गेलं तर जमादार म्हणे, उद्यापासून दुसरीले घेतो."

मग हाताकडे पाहून हसल्या. मनगटावर घड्याळ नव्हतं. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं बांधायला दिली होती. कोण कुठे किती वेळ उभा आहे ते नियंत्रण कक्षात नकाशावर ठिपक्यासारखं दिसे. ठिपका हद्दीबाहेर गेला की पगार कापला जाण्याची धास्ती. बाई सांगत होत्या की लघवीला कुठे जायचं हा तेव्हा मोठा प्रश्न झाला होता, कारण ज्या घरी ओळखीने जाता येई ते घर हद्दीच्या पलीकडे. "कायम आणि ऐवजदार दोघांच्याबी हाताले सारखीच घडी," त्या म्हणाल्या. "पण कायमवाला साहेबाशी भांडे. आम्ही नाही भांडत होतो."

मला वाटतं, कायम की कंत्राटी या प्रश्नाचा अर्क या दोन वाक्यांत आला आहे. पगार, भत्ते, ग्रॅच्युइटी हे सगळं खरंच. पण साहेबाला 'नाही' म्हणता येणं हा कायम नोकरीतला सगळ्यात महागडा भत्ता आहे आणि तो कुठल्याच पगारपत्रकावर छापत नाहीत.

त्यांचा मुलगा कचरा उचलणाऱ्या गाडीवर आहे. शहरातला घरोघरचा कचरा उचलण्याचं काम २००८ पासून खासगी कंपनीकडे गेलं, २०१९ मध्ये एका कंपनीच्या जागी दोन आल्या. आईचा मालक महापालिका, मुलाचा मालक ठेकेदार. दोघांचा कचरा एकच. लाड आणि पागे समित्यांच्या जुन्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळतो. त्यामुळे मुलगा ठेकेदाराच्या गाडीवर असला तरी त्याची नजर आईच्या निवृत्तीकडे आहे. पदच अधिसंख्य, मग वारसाचं काय, असं मी विचारलं. त्यावर घरात बराच वेळ चर्चा झाली आणि युनियनच्या माणसाला विचारायचं ठरलं.

एक माणूस, बारा मालक

कोराडीच्या वीज केंद्राच्या रस्त्यावर, देवीच्या मंदिराच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीवर एका कंत्राटी फिटरने मोबाईलवर भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडून दाखवलं. यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा क्रमांक, एकच. त्याखाली मेंबर आयडींची लांब यादी, प्रत्येकापुढे वेगळ्या ठेकेदाराचं नाव. गेटपासचा रंग दरवेळी बदलला, पासवर ठेकेदाराचं नाव बदललं. बॉयलर तोच, पाना तोच, सुपरवायझरही बराच काळ तोच होता. दोन ठेकेदारांच्या मधल्या काही महिन्यांत पासबुकात एकही नोंद नाही. "त्या टायमाले आम्ही कामावर होतो," तो म्हणाला. "पैसा कुठं गेला ते विचारू नका."

कायद्याच्या भाषेत हा माणूस कोराडीचा कामगार नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. बंद केल्यावर त्या कामगारांनी जायचं कुठे? १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, ते आपोआप मूळ मालकाचे कामगार होतील. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला: आपोआप काही नाही, ठेका निव्वळ दिखाव्याचा होता हे सिद्ध करा, मग बघू. सिद्ध कोणी करायचं, तर ज्याच्याकडे गेटपासशिवाय कागद नाही त्याने.

नागपूरच्या दुसऱ्या अंगाला वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, आहे. उमरेड, सावनेर, कामठी भागातल्या खाणींत हा फरक एकाच खड्ड्याच्या काठावर उभं राहून दिसतो. कोळसा काढणारा वेकोलिचा कामगार वेतन कराराचा. २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात त्याला किमान १९ टक्के वाढ मिळाली. वरची माती-दगड हटवणाऱ्या डंपरवरचा चालक ठेकेदाराचा. त्याच्यासाठीही कोल इंडियाने २०१३ पासून वेगळे दर ठरवले, तेव्हा अकुशल कामाला दिवसाला ४६४ रुपये. हे दर किमान वेतनापेक्षा चांगले होते, आणि मिळावेत म्हणून युनियनला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कारण दर ठरवणारा एक आणि पैसे हातावर ठेवणारा दुसरा. खाणीत जमीन गेलेल्याला साधारण दोन एकरांमागे एक नोकरी, असा हिशेब आहे. उमरेडकडे मुलीकडचे लोक आजही विचारतात, जमिनीत लागला की ठेक्यात? उत्तर 'जमिनीत' असलं की बाकीची चौकशी थोडक्यात आटोपते.

शिक्षकांचं मी लांबवत नाही, कारण त्यांच्यावर लिहिलं फार गेलं आहे आणि झालं कमी. महाराष्ट्रात २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. प्राथमिकला मानधन होतं सहा हजार. इतक्या पैशात माणूस जगेल कसा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विचारल्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं; माध्यमिकला अठरा, उच्च माध्यमिकला वीस. निदान त्या तीन वर्षांच्या पलीकडे कायम नोकरी आहे. महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर शिकवणाऱ्या पीएचडीवाल्याच्या पुढे तेही नाही. उन्हाळ्यात त्याचं घड्याळ बंद, दिवाळीतही बंद. सदरमधल्या एका महाविद्यालयात तासिकेवर असलेले एक सर म्हणाले, "विद्यार्थी विचारतात, सर, मार्केटमध्ये स्कोप काय? मी म्हणतो, माझ्याकडे पाहून ठरवू नका."

पंचवीस हजारांचा हिशेब

आता दुसरी बाजू. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले आणि नागपूरच्या पोरांना पुण्याला न जाता आयटीची नोकरी मिळू लागली. कोविडनंतर आणखी एक वर्ग तयार झाला: घरी बसून बाहेरच्या, बहुतेकदा परदेशी कंपनीचं काम करारावर करणारा. मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, बेसा इकडच्या फ्लॅटांत दुपारी झोपून रात्री कॉलवर बसणारी ही मंडळी. यांतल्या बऱ्याच जणांनी कायम नोकरी सोडली आहे, स्वतःहून. त्यांच्याशी बोलताना 'सुरक्षितता' हा शब्द काढला की ते हसतात. खासगी आयटीत परमनंट म्हणजे काय, तर साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. त्यापलीकडे कंपनीला कोण अडवणार? त्यांचं म्हणणं चूक नाही.

पण हिशेबात ते अनेकदा चुकतात, म्हणून तो कागदावर मांडून पाहू. समजा कंपनी महिना ६०,००० देते, त्यात मूळ वेतन ३०,०००. करारावर तेच काम ८५,००० ला मिळतंय. पोरगं म्हणतं, पंचवीस हजार जास्त, राजीनामा टाकतो. थांब जरा. कंपनी पगाराखेरीज पीएफमध्ये मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ३,६०० टाकते, वर्षाला ४३,२००. ग्रॅच्युइटी दरवर्षी पंधरा दिवसांची, सव्विसाने भागून, सुमारे १७,३००. वर्षाचे झाले ७ लाख ८० हजार. शिवाय घरच्यांचा आरोग्य विमा कंपनीचा. करारवाल्याला कामाच्या दिवसाचे पैसे. महिन्याचे बावीस दिवस धरले तर दिवस पडला ३,८६४ रुपयांना. रजा आणि सणवार मिळून वर्षात चौतीस दिवस गेले की सव्वा लाखाच्या वर गेले. एक करार संपून दुसरा मिळेपर्यंत महिना रिकामा, ८५ हजार गेले. चौघांच्या विम्याचा हप्ता तीस हजार धरा. दहा लाख वीस हजारांतून हे वजा केलं तर उरतात ७ लाख ७४ हजार. पंचवीस हजार कुठे गेले? चहा पिऊन होईपर्यंत संपले.

म्हणून या धंद्यात मुरलेली माणसं सांगतात की पगाराच्या दीडपट मिळाल्याशिवाय करारावर जाऊ नये, आणि हातात सहा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय तर मुळीच नाही. दुप्पट-तिप्पट मिळत असेल तर गोष्ट बदलते. तांत्रिक सल्लागाराला आयकराच्या ४४ एडीए कलमाखाली निम्मी जमाच उत्पन्न धरता येते, जमा ७५ लाखांपर्यंत असली आणि जवळजवळ सगळी बँकेतून आली तर. तीस लाख मिळवणारा पंधरावर कर भरतो. तेवढाच पगार घेणारा जवळपास पूर्ण तीसवर. जमा वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी, परदेशी काम असेल तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र. सीएच्या फीचेही पैसे धरा.

यातला खरा अडसर मात्र सीए सोडवू शकत नाही. बँकेत गृहकर्जाला गेलात की पगारदाराला तीन पगारपत्रकं आणि फॉर्म सोळा मागतात. करारवाल्याला दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, खात्याचे उतारे, कराराची प्रत, आणि वर "आणखी कोणी सहअर्जदार आहे का?" हा प्रश्न.

आणि बहुतेक वेळा असतो. आकडेवारी म्हणून सांगत नाही, पण नागपुरात करारावर बिनधास्त काम करणारे जेवढे भेटले, त्यांच्या घरात जवळजवळ नेहमी एक परमनंट निघाला. बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका. वडील रेल्वेतून निवृत्त, पेन्शन चालू. आई सरकारी मेडिकल कॉलेजात नर्स होती, तिला सरकारी उपचार मिळतात. त्यांचं स्वातंत्र्य खोटं नाही, मेहनतही खोटी नाही. फक्त त्याचा विमा दुसऱ्या कोणाच्या तरी पगारातून भरला जातो. कोराडीच्या फिटरच्या घरी असं कोणी नाही. त्यामुळे त्याच शब्दाचे, 'कंत्राटी'चे, दोन घरांत दोन अर्थ होतात. मिहानच्या गप्पांत कंत्राटाचा गौरव करणाऱ्यांनी आपल्या घराची शिधापत्रिका एकदा उघडून बघावी.

मुदत, ठेका, सल्ला

कंत्राट म्हणताना आपण तीन निराळ्या गोष्टी एका पिशवीत भरतो. मुदतीचा करार, ज्यात मालक थेट असतो. ठेकेदाराचा माणूस. आणि सल्लागार, जो स्वतःच धंदा आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यांनी पहिल्याला बरंच दिलं: मुदतीच्या कामगाराला कायमसारखेच फायदे, आणि पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. दुसऱ्याचं गणित थोडं बिघडलं. केंद्रीय कायद्यात ठेकेदारीचे नियम वीसऐवजी पन्नास कामगारांपासून लागू. गाभ्याच्या कामात ठेका नको असं संहिता म्हणते, पण सफाई, पहारा, कँटीन ही कामं सहसा गाभ्यात धरत नाही. तिसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, आणि त्याने मागितलंही नाही.

महाराष्ट्रात पूर्वी स्थायी आदेशांत एक फार चांगलं कलम होतं: बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करा. हिंगणा आणि बुटीबोरीतल्या जुन्या युनियनवाल्यांना हे कलम तोंडपाठ असतं, आणि जुन्या कारखान्यांच्या पर्सोनेल अधिकाऱ्यांनाही. म्हणूनच २४० दिवस भरण्याआधी सेवेत 'ब्रेक' देण्याची युक्ती निघाली. नव्या संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांपासून पुढे आहे. हिंगण्याच्या बहुतेक शेडमध्ये तीनशे माणसं सणालाही जमत नाहीत.

सरकार स्वतः या बाबतीत कारखानदारांच्या एक पाऊल पुढेच आहे. बाह्य यंत्रणेकडून मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ एजन्सी नेमणारा शासन निर्णय ६ सप्टेंबर २०२३ चा. राज्यभर ओरड झाली आणि २० ऑक्टोबरला फडणवीसांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं, आधीच्या सरकारांवर पाप ढकलत. पुढल्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: सहा महिने सरकारी कचेरीत काम, सहा ते दहा हजार विद्यावेतन. सहाचे पुढे अकरा महिने झाले. आणि मग? मग तेही टेकडी रोडवर.

कोर्टाचा कल मधल्या काळात थोडा वळला आहे. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करायला मनाई केली. मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकदाच सूट दिली. सरकारी वकील पुढे वीस वर्षं तेवढी मनाईच वाचून दाखवत राहिले. २० डिसेंबर २०२४ ला जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगातले सफाई कामगार आणि माळी वर्षानुवर्षं अर्धवेळ म्हणून राबवले गेल्याचं पाहून, सुप्रीम कोर्टाने बजावलं की उमादेवीचा आधार घेऊन पिळवणूक करता येणार नाही, आणि त्यांना कायम करायला सांगितलं. मोर्चातल्या फाइलींत आता या निकालाच्या झेरॉक्स दिसतात, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या.

कायम म्हणजे तरी किती कायम, हे अंबाझरीत विचारावं. तिथल्या आयुध निर्माणीतली नोकरी म्हणजे केंद्र सरकारची नोकरी. पश्चिम नागपुरात यावर दोन पिढ्यांनी घरं बांधली. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. अंबाझरी यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली आणि त्या कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच आलं. कामगारांना 'मानीव प्रतिनियुक्ती'वर पाठवलं, आधी दोन वर्षांसाठी, मग मुदत वाढत गेली. परीक्षा देऊन, वैद्यकीय तपासणी होऊन, पोलीस पडताळणी होऊन लागलेला माणूस, त्याच मशीनवर उभा, आणि कागदावर प्रतिनियुक्तीवर. त्यातल्या एकाने मला सांगितलं, "आमचं बी आता कंत्राटासारखंच होऊन राह्यलं, फक्त पगार वेळेवर होते." तो पगार वेळेवर होतो हे त्याने किती सहज म्हटलं, ते कोराडीच्या फिटरने ऐकायला हवं होतं.

दोन पत्रं

दोन्ही पत्रं हातात असलेल्यांपैकी एक मुलगी आता. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. शहरातल्या एका केंद्रीय संशोधन संस्थेत प्रकल्पावर होती. नदीच्या पाण्याचे नमुने आणायचे, प्रयोगशाळेत तपासायचे, अहवालात आकडे भरायचे. काम मनासारखं. करार प्रकल्पाच्या मुदतीचा. अहवालावर नाव शास्त्रज्ञांचं, तिचं आभारांत. प्रकल्पावर असतानाच तलाठी परीक्षेत गोंदिया जिल्ह्यातून तिची निवड झाली. मूळ वेतन २५,५०० पासून. हातात येणारे पैसे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच.

घरात महिनाभर वाद चालला. वडिलांचं छोटं किराणा दुकान, आई शिवणकाम करणारी, भाऊ पुण्यात आयटीत. आई म्हणे, सरकारी आहे, डोळे झाकून घे. तिच्या मार्गदर्शक बाईंनी पीएचडीला नाव घाल म्हणून सांगितलं. तिने स्वतः एक कागद घेतला आणि वयाचा तक्ता काढला. राज्य सरकारी नोकरीसाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. प्रकल्प दोन-दोन वर्षांचे. पीएचडी पाच वर्षं. पस्तिशीत प्राध्यापकाची जागा निघाली तर ठीक, नाही निघाली तर तासिका. "मला कंत्राटाची भीती नव्हती," ती म्हणाली. "भीती होती ती पस्तिसाव्या वर्षी दोन्ही पत्रं हातात नसण्याची."

ती देवरी तालुक्यात तलाठी झाली. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र 'तलाठी मॅडम'च. सातबारा, फेरफार, अवकाळी पाऊस आला की पंचनामे. पाण्याचे नमुने आता कोणी मागत नाही. वाईट वाटतं का, विचारलं. "वाटतं. पण पहिल्या महिन्यात आजारी पडले आणि तीन दिवस घरी राहिले. कुणी फोन करून विचारलं नाही की उद्या येणार की दुसरीला घेऊ." तिने आशीनगरच्या मावशींना कधी पाहिलेलं नाही.

पुढचं मला जास्त रंजक वाटलं. ती कायम झाल्यावर सहा महिन्यांत भावाने पुण्याची नोकरी सोडली आणि नागपूरला येऊन परदेशी कंपनीचं काम करारावर धरलं. पुण्याच्या पगाराच्या अडीचपट पैसे. आधी दोन वर्षं तो हे करायचं म्हणत होता आणि वडील नाही म्हणत होते. आता त्यांनी हरकत घेतली नाही. "मी बांधली गेले म्हणून तो मोकळा झाला," ती म्हणाली, रागाने नव्हे, नोंद करावी तसं. भाऊ शेजारीच बसला होता. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "माझा करार संपला तर सहा महिने ताईच्या पगारावर घर चालेल. मी दुप्पट कमवतो, पण घर तिच्यावर चालते."

गेल्या वर्षी त्यांनी बेसा रोडला फ्लॅट घेतला. बँकेतल्या अधिकाऱ्याने भावाची रिटर्न्स पाहून पुढे सरकवली आणि बहिणीचं पगारपत्रक मागितलं. कर्ज तिच्या नावावर झालं, तो सहअर्जदार. हप्ता तो भरतो. फ्लॅट कोणाचा, यावर दोघांचं अजून भांडण आहे. तिचं म्हणणं, कागद माझ्या नावावर. त्याचं म्हणणं, पैसे माझे. मुद्रांक शुल्कात बाईच्या नावाने घेतलं म्हणून एक टक्का सूट मिळाली, तेही आपलंच कर्तृत्व असं ती सांगते. लग्नाचं बघताहेत; स्थळं तिलाच जास्त येतात, आणि बायोडाटातल्या 'शासकीय सेवा' या दोन शब्दांमुळे येतात हे तिला माहीत आहे. त्याच्या बायोडाटात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. 'स्वतंत्र सल्लागार' लिहिलं तर मुलीकडचे फोन करून विचारतात, म्हणजे सध्या रिकामे आहेत का?